तक्रारबंदीचा आठवडा

"अण्णा, तुमचा फोन जरा बघू," केतकी म्हणाली, आणि थोड्याच वेळात इतकी हसायला लागली की तिच्या बशीतला चिवडा माझ्या ओटीवर सांडला.

दामूअण्णा होनरावांच्या फोनवर हसण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. हिवरापुरातला हा सर्वांत गंभीर माणूस. स्टेशनरीचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून ते पूर्णवेळ नागरिक झाले होते.

"यात हसण्यासारखं काय आहे?" अण्णा म्हणाले. "रोज पहाटे उठतो, तोंड धुतो आणि चहाच्या आधी ट्विटरवर नगरपालिकेला विचारतो. दोन वर्षं झाली. एक दिवसाचा खाडा नाही. तापाने फणफणलो होतो तेव्हासुद्धा आमच्या हिने माझ्या वतीने विचारलं."

"तेच तर!" केतकी डोळे पुसत म्हणाली. "शुभ सकाळ, नाल्यावरचा साकव कधी? शुभ सकाळ, नाल्यावरचा साकव कधी? आणि हे बघ मामा, पाडव्याला काय लिहिलंय. शुभ दीपावली, साकव कधी?"

"सणासुदीला सणाला धरून बोलावं," अण्णा म्हणाले.

केतकी माझी भाची. पुण्याला नोकरीला. काय करते असं कुणी विचारलं की माझी बहीण "कॉम्प्युटरवर असते" एवढंच सांगायची. खरं म्हणजे कुठलं तरी तेल, कुठला तरी साबण यांच्याविषयी लोकांनी आपण होऊन बोलावं म्हणून खटपट करणं हे तिचं काम होतं. गणपतीला ती माझ्याकडे आली होती, आणि गणपती गेले तरी ही राहिली होती.

त्या दिवशी माझ्या ओटीवर नागरिक मंचाची बैठक होती. मंचाचा चिटणीस मी. ज्या सभेत चिटणीस निवडायचा होता त्या सभेला मी सोडून सगळे हजर होते.

"हसणं झालं असेल तर माझं ऐका," खंदारेबाई म्हणाल्या. "माझ्याकडे सप्टेंबरअखेरपर्यंतच वेळ आहे."

खंदारेबाई नाल्यापलीकडच्या नगरपालिका शाळा क्रमांक सहाच्या मुख्याध्यापिका. शिक्षिकाही त्याच, आणि घंटाही त्याच वाजवायच्या. नाल्यावरचा जुना साकव पुरात वाहून गेल्यापासून बाई रोज सकाळी पदर खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि एकेक मूल हाताला धरून पलीकडे न्यायच्या. हजेरी तिथेच. "हजर बाई" म्हटल्याशिवाय पोराचा हात सोडायच्या नाहीत. पण सगळ्याच आयांना हे बघवत नव्हतं. बाप दाखला मागायला येत होते. बाई प्रत्येकाला सांगायच्या, "दाखला देते की! शिक्का तेवढा सापडत नाहीये."

"आज पटावर बावीस मुलं आहेत," बाई म्हणाल्या. "त्यातल्या तिघांचे बाप शिक्का सापडायची वाट बघताहेत. महिनाअखेर पटपडताळणी. वीसच्या खाली गेलं की शाळा बंद. मग ही पोरं हायवे ओलांडून दोन नंबरच्या शाळेत जाणार म्हणे. जाणार कसली! घरी बसणार. मोठ्या मुली तर नक्कीच."

यात खरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे साकव तयार होता. चांगला लोखंडी, कठड्यासकट. वर्षभर तो नगरपालिकेच्या मागच्या आवारात ताडपत्रीखाली पडून होता आणि वॉचमनच्या कोंबड्या त्याच्यात अंडी घालत होत्या. अडलं होतं भूमिपूजन. गावात दोन पुढारी होते, आणि पहिला नारळ कुणी फोडायचा हे ठरत नव्हतं.

"म्हणूनच म्हणतो, आपण आणखी जोर लावू," अण्णा म्हणाले. "मी सकाळ-संध्याकाळ विचारतो. सगळ्यांनीच विचारा. म्हणजे ते तुझं काय ते होईल, केतकी. ट्रेंडिंग."

"अण्णा, राग मानू नका, पण तुमच्यामुळेच ते होत नाहीये."

अण्णांनी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"काकू तुमच्यावर रोज ओरडतात ना?" केतकीने विचारलं.

"रोज असं काही नाही."

"कोण म्हणतं रोज नाही?" कुंपणापलीकडून काकूंचा आवाज आला. अण्णांचं घर माझ्या घराला लागूनच.

"बघा. आता हे ऐकून गल्लीतलं कुणी बाहेर आलं?"

"कशाला येईल?"

"आणि परवा जांभेकरवहिनी ओरडल्या तेव्हा?"

तेव्हा सगळी गल्ली बाहेर आली होती. मी स्वतः तोंडात पेस्टचा फेस घेऊन धावलो होतो. लग्न होऊन आल्यापासून जांभेकरवहिनींचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. त्यांच्या पायावर पाल पडली होती, पण हे नंतर कळलं.

"त्याला म्हणतात ट्रेंडिंग," केतकी म्हणाली.

"पालीला?"

"गल्ली बाहेर येण्याला! तुम्ही किती ओरडता ते तिथलं यंत्र बघत नाही, नेहमीपेक्षा किती जास्त ओरडता ते बघतं. आणि एकट्याने शंभर वेळा ओरडून भागत नाही, शंभर माणसं एकदम ओरडावी लागतात. तुम्ही दोन वर्षं रोज एकाच पट्टीत ओरडताय. यंत्राला वाटतं, हे गाव असंच बोलतं. या लोकांचा हा खोकला आहे."

अण्णांना ते लागलं. दोन वर्षांच्या तपश्चर्येला खोकला म्हटल्यावर कुणालाही लागेल.

"म्हणजे जी गोष्ट रोजची, ती त्यांना दिसतच नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही दिसत. नवीन दिसते. महत्त्वाची आहे की नाही, हे कोण बघतंय!"

"मग आम्ही करायचं काय?"

"गप्प बसायचं," केतकी म्हणाली. "आठवडाभर साकवाचं नाव काढायचं नाही. यंत्राला वाटू दे, गावाचा खोकला बरा झाला. आणि पुढच्या सोमवारी दहाच्या ठोक्याला सगळ्यांनी एकदम. पुण्यातली माझी मित्रमंडळी तयार ठेवते. बघा मग."

सोमवारी सगळ्यांनी एकच शब्द लिहायचा होता. तो ठरवायलाच बैठकीचा उरलेला वेळ गेला. मंचाचा पहिला मसुदा होता, 'हिवरापूरच्या नाल्यावर पक्का साकव तातडीने झालाच पाहिजे'. केतकी म्हणाली, हा शब्द नाही, निवेदन आहे. पोस्टातून निवृत्त झालेल्या एका सदस्याचा आग्रह होता की शेवटी 'ही नम्र विनंती' हवंच. शेवटी केतकीनेच सुचवलं, 'बाईपाण्यात'.

"अगं, म्हणजे काय?" बाई दचकून म्हणाल्या.

"हेच सगळे विचारतील. विचारायला येतील, मग सांगू."

"माझ्या सासरची माणसं वाचतील ना!"

पण मुलं पटावर राहणार असतील तर सासरच्यांचं बघून घेऊ, असं म्हणून बाईंनी होकार दिला.

पुण्याला परत जाताना केतकीने एक सूचना केली. आठवडाभर अगदीच मुके राहू नका, फोनची सवय सुटेल. साकव सोडून काहीही लिहा. चांगलं चांगलं लिहा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा केतकीलाही माहीत नव्हती आणि माझ्याही लक्षात आली नव्हती. मंचाच्या सगळ्या सदस्यांना ट्विटर अण्णांनी शिकवलं होतं. आणि अण्णांच्या शिकवण्याप्रमाणे काहीही लिहायचं तर सुरुवातीला नगरपालिकेचं नाव घालायचं असतं. कागदाच्या माथ्यावर 'श्री' लिहितात तसं. त्याशिवाय ते जातच नाही, अशी सगळ्यांची प्रामाणिक समजूत होती.

त्यामुळे तक्रारबंदीच्या पहिल्याच दिवशी, सोमवारी सकाळी, हिवरापूर नगरपालिकेला अण्णांकडून जास्वंदीचं फूल मिळालं. खाली फक्त 'शुभ सकाळ'. पुढे काही नाही.

मंगळवारी होनरावकाकूंनी नगरपालिकेला कळवलं की आज घरी अळूवडी केली होती, छान झाली. पोस्टवाल्यांनी कळवलं की नातवाला पहिला दात आला. आणखी एकाने लिहिलं, 'नगरपालिका, आमच्या मांडवाला दोडका लागला.' सोबत दोडक्याचा फोटो. खंदारेबाईंनी लिहिलं, 'आज मुलांनी बाराचा पाढा न चुकता म्हटला. फार आनंद झाला.' हा पाढा पाण्यात उभं राहून म्हटला होता, पण ते लिहायला बंदी होती.

अण्णांचे हाल बघवत नव्हते. सकाळी जास्वंद पाठवून झाली की ते माझ्याकडे यायचे आणि हळू आवाजात मलाच विचारायचे, "साकव कधी?" मी नगरपालिकेच्या ठरलेल्या उत्तरासारखं म्हणायचो, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." मग त्यांना जरा बरं वाटायचं. उरलेला दिवस ते घरातच तक्रारी करायचे. आमटी पातळ आहे, उशी कडक आहे. बुधवारी काकू कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "भावजी, तुमच्या भाचीला सांगा, तो साकव होवो न होवो, ह्यांना मोकळं करा."

पण गावाने शिस्त पाळली. चहाच्या टपरीवर कुणी नाल्याचा विषय काढलाच तर बाकीचे "सोमवार, सोमवार" म्हणून त्याला गप्प करायचे. नगरपालिकेचा शिपाई दाढी करायला गेला तेव्हा न्हाव्याने त्याला फेस लावता लावता सांगितलं, "सोमवारी कळेल." आणि पुढे काही बोलला नाही. न्हावी काही बोलला नाही ही बातमी शिपायाने धावत जाऊन साहेबांना दिली.

शनिवारी संध्याकाळी मुख्याधिकारी तांबटसाहेब माझ्या घरी आले.

तांबटसाहेब तरुण होते. परीक्षा देऊन वर आलेले, सज्जन, आणि दोन पुढाऱ्यांच्या मध्ये उभे राहून राहून थोडे वाकलेले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले.

"सर, गावात सगळं ठीक आहे ना?"

"उत्तम."

"नाही, म्हणजे लोकांची काही नाराजी वगैरे?"

"कुणावर?"

"आमच्यावर."

"छे हो. दोडका लागला, तो बघितलात ना?"

"बघितला," साहेब म्हणाले. "त्याचा अर्थ काय, सर?"

"दोडका लागला, असा."

साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. "काल होनरावअण्णा ऑफिससमोरून गेले. माझ्याकडे बघून हसले. सर, मी इथे आल्यापासून त्या माणसाचे दात पहिल्यांदा पाहिले."

"नवीन बसवलेत."

"सर, सोमवारी काय आहे?"

मी जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलं होतं. तेव्हा खरं तेच सांगितलं. "सोमवारी दहा वाजता काहीतरी आहे एवढंच मला ठाऊक. मला त्यातलं फारसं कळत नाही. सगळं पुण्याहून ठरलंय."

"पुण्याहून?" साहेब आणखी पुढे सरकले. आता खुर्ची जवळजवळ मोकळीच होती. "कुणी येणारेत का? चौकशी? मंत्रालयातून?"

"आमच्यापैकी तर कुणी अवाक्षर बोलत नाही."

"ते दिसतंय! साकवाबद्दल आहे का?"

"साहेब, आठवडाभरात गावात कुणी साकव हा शब्द तरी काढलाय का?"

"तेच तर!" साहेब उभेच राहिले. "तेच तर म्हणतोय मी! दोन वर्षं रोज सकाळी तो माणूस मला विचारायचा. आणि आता फूल! नुसतं फूल!"

काकूंनी कुंपणावरून विचारलं, "साहेब, सरबत घेता का?" साहेब दचकले. काकूंच्या त्या प्रेमळ आवाजाने त्यांचा उरलासुरला धीर गेला असावा.

"समजा," ते हळूच म्हणाले, "साकव उद्या बसला तर?"

मला उठून नाचावंसं वाटलं. पण चाळीस वर्षं वर्गावर काढलेल्या माणसाला चेहरा सांभाळता येतो. "उद्या रविवार आहे," मी म्हणालो. "आणि भूमिपूजनाचं काय?"

साहेब येरझाऱ्या घालू लागले. दोन-तीन फेऱ्यांनंतर थांबले. त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच चमक पाहिली.

"साकव बसवायचाच नाही," ते म्हणाले. "मापात बसतो का, ते तात्पुरतं ठेवून बघायचं. तात्पुरत्याला भूमिपूजन लागत नाही. दोघांनाही तसंच कळवतो. सर, साकव तात्पुरता ठेवला, तर सोमवारचं काय होईल?"

"ते पुण्याला विचारावं लागेल," मी म्हणालो.

साहेब सरबत न घेताच गेले.

रविवारी सकाळी क्रेन आली. कोंबड्या चारी दिशांना पळाल्या. सगळा गाव नाल्याच्या दोन्ही काठांवर उभा होता आणि आज्ञेप्रमाणे एकही माणूस बोलत नव्हता. एवढी माणसं आणि एवढी शांतता बघून क्रेनवाला घाबरला. त्याने साहेबांना विचारलं, "कुणी गेलंय का?" साहेब म्हणाले, "तू काम कर."

दिवे लागायच्या आत साकव मापात बसला आणि चारी कोपऱ्यांना नटबोल्टही आवळून झाले. तात्पुरतेच. पाहुणा नव्हता, नारळ नव्हता, भाषण नव्हतं. बाई साकवावर चढल्या. पलीकडे गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा मधोमध थांबल्या आणि कठडा दोन्ही हातांनी धरून कितीतरी वेळ खालच्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "सर, उद्या पायात चप्पल घालून शाळेत जाईन."

आता प्रश्न सोमवारचा होता. केतकीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं तर ती किंचाळली.

"मामा! शंभर जणांना तयार ठेवलंय मी! फोटो पण झकास आहे, बाई पाण्यात!"

"पण बाई पाण्यात नाहीत आता. साकवावर आहेत."

"मग साकवावरचा टाकू?"

"त्याला कोण विचारतंय? मुलं सरळ शाळेत गेली, यात नवीन काय?"

मग ती म्हणाली, "माझ्या नोकरीतलं हे सगळ्यात यशस्वी काम, आणि कुणाला दाखवायला एक अक्षर नाही!"

सोमवारी दहा वाजता हिवरापुरात काहीही झालं नाही. तांबटसाहेब केबिनचं दार लावून बसले होते, ते अकराला बाहेर आले आणि त्यांनी सगळ्या ऑफिसला चहा सांगितला. देशात त्या वेळी काय ट्रेंडिंग होतं ते केतकीने मला पाठवलं. कुठल्याशा नटीच्या मांजराला शिंका येत होत्या. दुपारपर्यंत लाखो लोक काळजीत होते. संध्याकाळी ते मांजर बरं झालं असावं, कारण नंतर त्याच्याविषयी कुणीच काही बोललं नाही.

दाखले मागणारे तिन्ही बाप स्वतः पोरांना साकवावरून सोडायला आले. पटपडताळणीला साहेबलोक आले तेव्हा वर्गात पंचवीस मुलं होती. नाल्याच्या भीतीने आधीच घरी बसलेली आणखी तीन परत आली होती. शाळा राहिली. साकव नगरपालिकेच्या दप्तरी अजून तात्पुरताच आहे. आणि पडताळणीच्या दुसऱ्याच दिवशी अण्णांनी नगरपालिकेला विचारलं, 'शुभ सकाळ. गल्लीतला दिवा कधी?' दोन मिनिटांत उत्तर आलं, 'आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. मनःपूर्वक आभार.' मनःपूर्वक हा शब्द नगरपालिकेने त्याआधी कधी वापरला नव्हता.

काही वर्षांनी खंदारेबाई निवृत्त झाल्या. त्याच शाळेतून. निरोपाच्या समारंभाला बाईंनी आग्रहाने तांबटसाहेबांना बोलावलं. साहेब आता एका मोठ्या शहरात उपायुक्त होते, अंगाने भरले होते आणि ताठ चालत होते. व्यासपीठावर ते माझ्या शेजारी बसले. बाकीच्यांची भाषणं चालू होती, म्हणून आम्हाला निवांत बोलता आलं.

"साहेब, एक विचारू का?" मी म्हणालो. "त्या आठवड्यात तुम्ही एवढे कशाला घाबरलात? आम्ही तर काहीच केलं नव्हतं."

साहेब हसले. "सर, तेव्हा आमचं पोरगं दोन वर्षांचं होतं. बाजूच्या खोलीत आरडाओरडा करत असलं की मी निवांत पेपर वाचायचो. आवाज बंद झाला की पेपर टाकून धावायचो. पिठाचा डबा उपडा तरी केलेला असायचा, नाहीतर स्वारी खिडकीत तरी चढलेली. माणूस तक्रार करतो तोवर त्याला आपल्याकडून काहीतरी हवं असतं, सर. तुम्ही सगळे गप्प झालात तेव्हा मला वाटलं, या गावाने आमचा नाद सोडला."

साकवापायी आम्ही यंत्राचा विचार केला होता. पलीकडच्या माणसाचा विचार कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

"आता कसं आहे तुमच्याकडे?" मी विचारलं.

"एकदम झकास. रोज चार-पाचशे तक्रारी!" साहेब अभिमानाने म्हणाले. एखादा दुकानदार दिवाळीतला खप सांगतो तसे. "थांबा, दाखवतोच तुम्हाला."

त्यांनी खिशातून फोन काढला. बोटाने वर सरकवलं. मग खाली सरकवलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"सर, इथे रेंज आहे ना?"

"भरपूर आहे."

"कालपासून एकही नाही," ते म्हणाले.

तेवढ्यात माईकवरून त्यांचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या झाल्या. मी वळून पाहिलं तर शेजारची खुर्ची रिकामी होती आणि फाटकाबाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज येत होता. बाई शाल आणि नारळ घेऊन उभ्या होत्या.

"अहो सर, साहेब कुठे गेले?"

"त्यांच्या शहरात," मी म्हणालो. "तिथली माणसं गप्प बसलीत."

"अरे देवा!" बाई म्हणाल्या. "पण जेवून तरी जायचं."